सेवेचे मोल : हिरवळीच्या निगराणीचा ताशी दर कसा ठरतो?

भारतीय अर्थव्यवस्थेत सेवाक्षेत्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. मात्र सेवाक्षेत्र म्हटले की माहिती तंत्रज्ञान, बँका, विमा आणि दूरसंचार यांचीच चर्चा होते. शहरातील बंगल्यांच्या, गृहनिर्माण संस्थांच्या, कार्यालयांच्या आणि सार्वजनिक उद्यानांच्या हिरवळी राखणारा माळी हाही याच क्षेत्राचा घटक आहे. त्याच्या कामाला बाजारभाव नाही असे नाही. पण तो भाव कोणत्या आधारावर ठरतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. बहुतेक ठिकाणी ‘शेजारचा जेवढे देतो तेवढे’ हाच नियम चालतो.

श्रमाची किंमत, उत्पादनखर्च, संधी खर्च, स्थिर व बदलता खर्च, किमान वेतन आणि असंघटित क्षेत्र या संकल्पना स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी स्वतंत्रपणे अभ्यासतात. हिरवळीच्या निगराणीचा दर हे या सर्व संकल्पना एकाच ठिकाणी पडताळून पाहता येतील असे साधे उदाहरण आहे. दर चुकीचा ठरला तर त्याची झळ कोणाला व कशी बसते, हेही त्यातून स्पष्ट होते.

वेतन, दर आणि किंमत

प्रथम तीन शब्दांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. ‘वेतन’ हे मालकाने कामगाराला श्रमाबद्दल दिलेले मोल होय. हत्यारे, यंत्र, इंधन व जागा मालकाची असते आणि कामगार केवळ आपला वेळ व कौशल्य देतो. ‘दर’ हा कामाच्या एका एककाचा भाव होय. एक तास, एक चौरस मीटर, एक फेरी किंवा एक महिना हे ते एकक असू शकते. ‘किंमत’ म्हणजे ग्राहकाने शेवटी मोजलेली संपूर्ण रक्कम. तिच्यात वेतन, साहित्य, यंत्राचा घसारा, प्रवास, जोखीम, नफा आणि लागू असल्यास कर यांचा समावेश होतो.

महानगरपालिकेच्या उद्यान विभागात नोकरीस असलेल्या माळ्याला वेतन मिळते. कंत्राटदारामार्फत कामावर आलेल्या माळ्यालाही वेतनच मिळते, पण उद्यानाचा मालक कंत्राटदाराला किंमत देतो. सायकलवर किंवा दुचाकीवर यंत्र बांधून दिवसाला चार-पाच घरांच्या हिरवळी कापणारा माळी मात्र कोणाचाही नोकर नसतो. तो स्वयंरोजगारित असतो, म्हणून त्याने घेतलेली रक्कम ही किंमत असते, वेतन नव्हे. व्यवहारात ग्राहक तिला वेतन समजतो आणि पुष्कळदा माळीही तसेच समजतो. पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ या गैरसमजात आहे.

किमान वेतनाची चौकट

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये कामगारांना निर्वाह वेतन मिळवून देण्याचे उद्दिष्ट राज्यासमोर ठेवले आहे. अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री व पुरुष यांना समान कामाबद्दल समान वेतनाचे तत्त्व सांगितले आहे. १९४८ मध्ये नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या मांडल्या. त्याच वर्षी किमान वेतन अधिनियम, १९४८ संमत झाला.

किमान वेतन कोणत्या गरजांवर आधारावे, याचे उत्तर १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. एका कमावत्या व्यक्तीमागे तीन उपभोग एकके, डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार प्रौढामागे २,७०० उष्मांक, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, शासकीय औद्योगिक गृहनिर्माण योजनेनुसार किमान घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण किमान वेतनाच्या २० टक्के असे निकष तिने ठरविले. रेप्टाकोस ब्रेट प्रकरणातील १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभासह किमान करमणूक, वृद्धापकाळ व विवाह यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

राष्ट्रीय ग्रामीण श्रम आयोगाच्या शिफारशीनुसार १९९६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय तळ-पातळी किमान वेतन दिवसाला ३५ रुपये ठरविले. ते टप्प्याटप्प्याने वाढत जून २०१७ मध्ये १७६ रुपयांवर गेले. या आकड्याला कायद्याचे बंधन नव्हते. राज्यांनी तो मार्गदर्शक मानावा एवढीच अपेक्षा होती. डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात २,४०० उष्मांक, ५० ग्रॅम प्रथिने व ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ हा आहार आणि ३.६ उपभोग एकके धरून जुलै २०१८ च्या किमतींनुसार दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये अशी शिफारस केली.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिने वेतन प्रदान अधिनियम १९३६, किमान वेतन अधिनियम १९४८, बोनस प्रदान अधिनियम १९६५ आणि समान मोबदला अधिनियम १९७६ हे चार कायदे एकत्र केले. जुन्या कायद्यात फक्त अनुसूचित उद्योगांना किमान वेतन लागू होते. संहितेने ही मर्यादा काढली. केंद्राने ठरविलेल्या तळ-वेतनापेक्षा कमी किमान वेतन राज्याला ठरविता येत नाही, हा तिचा दुसरा महत्त्वाचा बदल आहे. मात्र संहितेचे संरक्षण ‘कर्मचाऱ्या’ला आहे. स्वतःच्या हिमतीवर घरोघरी काम करणारा माळी तिच्या कक्षेत येत नाही. त्याला आपला दर स्वतःच ठरवावा लागतो.

दिवसाच्या दरातून तासाचा दर

भारतात वेतन सामान्यतः दिवसावर किंवा महिन्यावर ठरते. अमेरिकेत संघराज्य पातळीवरील किमान वेतन तासावर ठरते आणि जुलै २००९ पासून ते ताशी ७.२५ डॉलर आहे. ब्रिटनमध्येही १९९९ पासून राष्ट्रीय किमान वेतन तासावरच मोजले जाते. भारतीय कायद्यात तास, दिवस किंवा महिना यांपैकी कोणत्याही आधारावर दर ठरविण्याची मुभा पूर्वीपासून आहे. तरी ताशी दराची सवय समाजात रुजलेली नाही.

केंद्रीय क्षेत्रातील बांधकाम, साफसफाई, मालाची चढउतार आदी कामांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘अ’ वर्ग शहरांत लागू झालेले दर उदाहरणादाखल घेता येतील. परिवर्तनशील महागाई भत्त्यासह ते असे होते :

- अकुशल : दिवसाला ७८३ रुपये, महिन्याला २०,३५८ रुपये
- अर्धकुशल : दिवसाला ८६८ रुपये, महिन्याला २२,५६८ रुपये
- कुशल : दिवसाला ९५४ रुपये, महिन्याला २४,८०४ रुपये
- अतिकुशल : दिवसाला १,०३५ रुपये, महिन्याला २६,९१० रुपये

महिन्याचा आकडा २६ दिवसांचा आहे. हा भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असून १ एप्रिल व १ ऑक्टोबर अशा दोन तारखांना त्यात बदल होतो. आठ तासांचा दिवस धरल्यास अकुशल कामगाराचा ताशी दर सुमारे ९८ रुपये आणि अर्धकुशल कामगाराचा १०८ रुपये ५० पैसे येतो.

गवत कापण्याचे यंत्र चालविणे, त्याच्या पात्याची उंची लावणे, तणनाशकाचे प्रमाण ओळखणे, खत टाकण्याची वेळ साधणे ही कामे निव्वळ अंगमेहनतीची नाहीत. म्हणून पुढील विवेचनात माळ्याला अर्धकुशल धरले आहे. अशा माळ्याने ग्राहकाकडून तासाला १०८ रुपये ५० पैसे घेतले, तर त्याला किमान वेतनाएवढी प्राप्ती होईल काय? वरवर पाहता उत्तर होकारार्थी वाटते, परंतु हिशेब वेगळेच सांगतो.

स्वयंरोजगारित माळ्याचा हिशेब

नोकरीतील माळ्याला आठही तासांचे वेतन मिळते. स्वतंत्र माळ्याला फक्त प्रत्यक्ष हिरवळीवर घालविलेल्या तासांचे पैसे मिळतात. एका घरून दुसऱ्या घरी जाणे, पाते धार लावून घेणे, यंत्र दुरुस्तीला टाकणे, नवे काम पाहून येणे, थकलेले पैसे मागायला जाणे हा वेळ कोणीही मोजत नाही. पुढील आकडे पद्धत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक शहरात ते वेगळे असतील.

आठ तासांपैकी दीड तास प्रवासात आणि अर्धा तास इतर कामांत गेला, तर मोबदला मिळणारे सहाच तास उरतात. आठवड्यातून एक सुटी धरता वर्षाचे ३१२ दिवस होतात. त्यांतून सणांचे ८, आजारपणाचे १० आणि पावसाने काम बुडण्याचे १४ दिवस वजा केले म्हणजे २८० दिवस राहतात. अशा प्रकारे वर्षभरात मोबदल्याचे तास २८० × ६ = १,६८० होतात.

आता या तासांतून भरून निघायला हवी अशी वार्षिक रक्कम पाहू :

- अर्धकुशल किमान वेतनाएवढी प्राप्ती (२२,५६८ × १२) : २,७०,८१६ रुपये
- वृद्धापकाळ, आजारपण व अपघात यांसाठी २० टक्के तरतूद : ५४,१६३ रुपये
- यंत्राचा घसारा (किंमत २४,०००, आयुष्य ४ वर्षे) : ६,००० रुपये
- यंत्राची दुरुस्ती : ६,००० रुपये
- विळे, खुरपी, कात्र्या, नळी व धार लावणे : ६,००० रुपये
- यंत्राचे व दुचाकीचे पेट्रोल : ३०,००० रुपये
- दूरध्वनी : ३,००० रुपये
- एकूण : ३,७५,९७९ रुपये

या रकमेला १,६८० ने भागले की ताशी दर सुमारे २२४ रुपये येतो. म्हणजे केवळ किमान वेतनाची बरोबरी साधण्यासाठी स्वतंत्र माळ्याला किमान ताशी वेतनाच्या दुपटीहून अधिक दर लावावा लागतो. यात नफा नाही. पैसे बुडण्याची किंवा काम अचानक सुटण्याची जोखीम म्हणून १० टक्के धरले, तर दर २४६ रुपयांच्या घरात जातो.

हाच हिशेब उलट बाजूने करून पाहावा. माळ्याने तासाला १०८ रुपये ५० पैसेच घेतले, तर वर्षाची जमा १,८२,२८० रुपये होईल. त्यातून यंत्र, इंधन आदींचे ५१,००० रुपये गेले की १,३१,२८० रुपये, म्हणजे महिन्याला १०,९४० रुपये हाती राहतील. ही रक्कम अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि म्हातारपणासाठी तीतून काहीच बाजूला पडलेले नाही. दिवसभर राबूनही दारिद्र्य का हटत नाही, या प्रश्नाचे एक उत्तर या भागाकारात दडलेले आहे. ग्राहकाने फसविले नाही, माळ्याने आळस केला नाही. केवळ भाजक चुकला.

घसाऱ्याचा मुद्दाही लक्षणीय आहे. यंत्राच्या झिजेपोटी दरमहा ५०० रुपये बाजूला न काढणारा माळी ते पैसे उत्पन्न समजून खर्च करतो. चार वर्षांनी यंत्र बंद पडते तेव्हा नव्या यंत्रासाठी त्याला कर्ज काढावे लागते. भांडवल खाऊन जगणे म्हणजे काय, हे राष्ट्रीय उत्पन्नातील स्थूल व निव्वळ या भेदाप्रमाणेच येथेही दिसते.

ताशी, उक्ता की मासिक?

ताशी दर ठरला तरी तो ग्राहकाला तसाच सांगावा असे नाही. दर आकारण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत आणि प्रत्येकीत जोखीम वेगळ्या व्यक्तीवर पडते.

ताशी पद्धतीत काम लांबले तर भार ग्राहकावर पडतो. जिथे कामाचा अंदाज येत नाही, उदाहरणार्थ वर्षानुवर्षे माजलेले तण काढायचे असेल, तिथे ही पद्धत योग्य ठरते. पण तिच्यात एक दोष आहे. १८३० मध्ये एडविन बडिंग यांनी इंग्लंडमध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून या कामाचा वेग सतत वाढत आला. विळ्याने चार तासांत होणारे काम यंत्राने एका तासात होत असेल, तर ताशी दराने काम करणाऱ्या माळ्याचे उत्पन्न यंत्र घेतल्यामुळे घटते. कार्यक्षमतेला बक्षीस मिळण्याऐवजी दंड होतो.

उक्त्या पद्धतीत ‘एवढी हिरवळ कापण्याचे एवढे’ असा भाव ठरतो. येथे लवकर काम उरकण्याचा लाभ माळ्याला मिळतो, तसेच काम लांबले तर तोटाही त्यालाच होतो. घाईत दर्जा घसरण्याचा धोका असल्याने कडा छाटणे, कापलेले गवत उचलणे, पाणी देणे यांपैकी दरात काय धरले आहे हे आधी ठरविणे आवश्यक असते. कामाच्या मापावर मोबदला देण्याची पद्धत महाराष्ट्राला परिचित आहे. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाखालील कामांवर मजुरी खोदाईच्या मापानुसार दिली जाई. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही सर्वसाधारण मजुराला दिवसभराच्या कामातून ठरलेली मजुरी मिळेल अशा रीतीने कामाचे दर बेतावेत, हे तत्त्व होते आणि त्यासाठी काल-गती अभ्यास केले जात. मापाचा दर कठीण जमिनीसाठी वेगळा नसेल तर मजुरी बुडते, हा तेथील अनुभव हिरवळीलाही लागू पडतो.

मासिक पद्धतीत उत्पन्न स्थिर राहते, पण हंगामाचा विचार न केल्यास ती फसवी ठरते. हरळीची वाढ उष्ण व दमट हवेत जोमाने होते आणि उत्तर भारताच्या थंडीत जवळजवळ थांबते. दिल्लीतील ४०० चौरस मीटरच्या हिरवळीचे उदाहरण घेऊ. जून ते सप्टेंबर महिन्यातून चार वेळा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोनदा, डिसेंबर ते फेब्रुवारी एकदा आणि मार्च ते मे दोनदा कापणी धरली, तर वर्षाच्या फेऱ्या १६ + ४ + ३ + ६ = २९ होतात. एका फेरीचा दर ५०४ रुपये असल्यास वर्षाचे १४,६१६ आणि महिन्याचे १,२१८ रुपये होतात. जुलैत २,०१६ रुपयांचे काम करून माळी १,२१८ रुपये घेतो आणि जानेवारीत ५०४ रुपयांच्या कामाचेही तेवढेच घेतो. ग्राहकाने डिसेंबरमध्ये ‘काम कमी आहे’ म्हणून करार मोडला, तर पावसाळ्यातील जादा श्रम फुकट जातात. म्हणून मासिक दर हा वर्षभराच्या करारासहच न्याय्य असतो.

लहान हिरवळ महाग का पडते?

वरील ५०४ रुपयांचा आकडा स्थिर व बदलत्या खर्चाच्या भेदावर उभा आहे. यंत्र उतरविणे, तपासणे व काम संपल्यावर स्वच्छ करणे यांस १५ मिनिटे लागतात असे समजा. हिरवळ लहान असो वा मोठी, हा वेळ तेवढाच राहतो. प्रत्यक्ष कापणीचा वेग कडा छाटण्यासह तासाला २०० चौरस मीटर धरू. ताशी दर २२४ रुपये आहे.

- ५० चौरस मीटर : ३० मिनिटे, ११२ रुपये, प्रति चौरस मीटर २ रुपये २४ पैसे
- ४०० चौरस मीटर : २ तास १५ मिनिटे, ५०४ रुपये, प्रति चौरस मीटर १ रुपया २६ पैसे

क्षेत्र आठपट झाले, पण किंमत साडेचारपटच झाली. सर्व हिरवळींना क्षेत्रफळाचा एकच दर लावणारा माळी लहान कामात तोटा सोसतो किंवा मोठे काम प्रतिस्पर्ध्याकडे घालवतो. यावर उपाय दोन आहेत : प्रत्येक फेरीला किमान आकार ठेवणे, आणि एकाच गल्लीतील पाच-सहा लहान घरे एकत्र धरून प्रवास वाचविणे. दुसरा उपाय म्हणजे प्रमाणाच्या बचतीचे घरगुती रूप होय.

शासकीय दर विश्लेषण

खाजगी बाजारात जो हिशेब होत नाही, तो शासकीय बांधकाम खात्यांत शिस्तीने होतो. १८५४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची उद्यान शाखा असून, हरळी लावून हिरवळ तयार करण्यासारख्या बाबी त्याच्या दरसूचीत समाविष्ट आहेत. प्रत्येक बाबीमागे दर विश्लेषण असते. ठरावीक क्षेत्रासाठी किती माळी व किती मजूर-दिवस लागतील, माती, खत व इतर साहित्य किती लागेल याची बेरीज केली जाते. तीवर १ टक्का पाणी आकार आणि कंत्राटदाराचा नफा व वरखर्च म्हणून १५ टक्के धरले जातात. या १५ टक्क्यांत नफा साडेसात आणि वरखर्च साडेसात टक्के असतो. श्रम, साहित्य, वरखर्च आणि नफा हे चार घटक वेगळे मांडणे हाच या पद्धतीचा धडा आहे.

निविदा आणि वेतनाची गळती

शासकीय कार्यालये व संस्था उद्यानाची निगा बहुधा कंत्राटदाराकडे सोपवितात. सर्वांत कमी बोलीला काम देण्याचा नियम सार्वजनिक पैशाच्या काटकसरीसाठी आहे. पण हिरवळीच्या निगराणीत खर्चाचा मोठा भाग वेतनाचा असल्याने बोली खाली आणण्यास फारसा वाव नसतो.

अकुशल कामगाराचे २०,३५८ रुपये वेतन घेऊ. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर भविष्यनिर्वाह निधी, ठेव-संलग्न विमा व प्रशासन आकार मिळून १३ टक्के म्हणजे १,९५० रुपये, कर्मचारी राज्य विम्याचा मालकाचा ३.२५ टक्के वाटा सुमारे ६६२ रुपये आणि ८.३३ टक्के या किमान दराने बोनस सुमारे १,६९६ रुपये धरल्यास एका कामगाराचा महिन्याचा खर्च २४,६६६ रुपये होतो. रजेवरील बदली कामगार, हत्यारे, देखरेख व नफा यांचा यात समावेश नाही. कोणी एका कामगारामागे २२,००० रुपयांची बोली लावली, तर फरक कोठून भरून निघणार? हजेरीपटावर दहा आणि प्रत्यक्षात सात माळी ठेवून, निधीचा भरणा चुकवून किंवा खात्यात जमा केलेल्या वेतनातून काही रक्कम रोख परत मागून. काटकसरीचा आकडा कागदावर दिसतो. त्याची किंमत कामगार मोजतो.

या ठिकाणी न्यायालयांनी घेतलेली भूमिका महत्त्वाची आहे. किमान वेतन देण्याची ऐपत नाही, ही सबब मालकाला सांगता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने उनिचोयी विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात मान्य केले. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधी पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार (१९८२) या निकालात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हे अनुच्छेद २३ मध्ये निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होय, असे न्यायालयाने म्हटले. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे तत्त्वही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे.

कराचा मुद्दाही येथेच येतो. उद्याने, बागा व क्रीडांगणे ही नागरी सुविधा संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतील विषय आहे. सर्वसाधारणपणे सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक नसते. काही विशेष राज्यांत ही मर्यादा १० लाख आहे. एकट्याने काम करणारा माळी या मर्यादेच्या पुष्कळच खाली असतो.

मागणी, प्रदेश आणि सामाजिक मूल्यांकन

खर्च हा दराचा तळ ठरवितो. प्रत्यक्ष दर मागणी-पुरवठ्यावर अवलंबून असतो. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये वेतनातील फरकाची जी कारणे सांगितली, त्यांत कामाचे सातत्य हे एक होते. गवंड्याचे काम हवामानामुळे खंडित होते, म्हणून कामाच्या दिवसांत त्याला अधिक मोबदला मिळाला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. पावसात काम बुडणाऱ्या माळ्यालाही तो तंतोतंत लागू पडतो. परंतु भारतीय शहरांत गावाकडून आलेल्या मजुरांचा पुरवठा मोठा असल्याने हा जादा मोबदला बाजार देत नाही. शेतीतील अल्प मजुरी हाच त्यांचा संधी खर्च असतो आणि त्याच्या थोड्या वरच्या दरालाही ते तयार होतात.

सेवा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. चंदीगडमधील हिरवळ स्वस्त माळी असलेल्या गावात नेऊन कापता येत नाही. म्हणून वस्तूंच्या किमती प्रदेशाप्रदेशांत जितक्या जवळ येतात तितके सेवांचे दर येत नाहीत. किमान वेतनाच्या अधिसूचनांतील ‘अ’, ‘ब’, ‘क’ ही क्षेत्रवारी याच वस्तुस्थितीची दखल घेते.

दरात सामाजिक दृष्टीही मिसळलेली असते. यंत्र चालविणे हे पुरुषाचे आणि खुरपणी हे स्त्रीचे काम मानले जाते, आणि खुरपणीचा दर कमी ठेवला जातो. वास्तविक हिरवळीचे आयुष्य मुळासकट तण काढण्यावर अवलंबून असते आणि त्या कामाला गवताची ओळख व चिकाटी लागते. समान मोबदल्याचे तत्त्व एकाच नावाच्या कामापुरते मर्यादित नसून समान स्वरूपाच्या कामालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा (१९८७) या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

समारोप

हिरवळीच्या निगराणीचा दर ही किरकोळ बाब नाही. किमान वेतनाचा कायदा नोकराला संरक्षण देतो, पण स्वयंरोजगारिताला हिशेबाचेच संरक्षण असते. मोबदला मिळणारे तास, हत्यारांची झीज, प्रवास आणि म्हातारपणाची तरतूद दरात धरली गेली नाही, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो माळ्याच्या कुटुंबाच्या आहारातून, मुलांच्या शिक्षणातून आणि आरोग्यातून वसूल होतो. २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंदणी होत आहे आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये असंघटित, मंचाधारित व स्वयंरोजगारित कामगारांसाठी योजनांची तरतूद आहे. नोंदणी आणि कौशल्य प्रशिक्षण यांना दर काढण्याच्या साध्या अंकगणिताची जोड मिळाली, तर या योजनांचा लाभ टिकाऊ होईल. स्वेच्छेने किंमत देणाऱ्या ग्राहकालाही मग आपण नेमके कशाचे पैसे मोजतो हे कळेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वेतन, दर आणि किंमत यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.

२. पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचे निकष, रेप्टाकोस ब्रेट निकाल आणि सत्पथी समितीच्या शिफारशी यांची तुलना करा.

३. एका माळ्याचे मोबदल्याचे तास वर्षाला १,४०० असून वार्षिक गरज ३,५०,००० रुपये आहे. त्याचा ताशी दर काढा. प्रवास कमी करून तास १,७५० झाल्यास दरावर काय परिणाम होईल?

४. ‘सर्वांत कमी बोलीचा नियम श्रमप्रधान सेवांत वेतनाच्या गळतीला कारणीभूत ठरतो.’ या विधानाची चर्चा करा आणि उपाय सुचवा.